किनखाबाचे आठ तुकडे: बादुआनजिन शिकताना

बादुआनजिन हा आठ हालचालींचा चिनी व्यायाम. त्याची कविता आठ ओळींची आहे आणि प्रत्येक ओळीत चिनी लिपीतली सातच अक्षरं. पहिली ओळ अशी: दोन्ही हातांनी आभाळ पेला, तिन्ही ‘जियाव’ (धडाचे तीन भाग) नीट लावा. पहिल्या चार अक्षरांत काय करायचं ते येतं, उरलेल्या तिनांत कशासाठी करायचं ते. शिकताना मात्र हमखास एक गोष्ट घडते. समोरच्याचे हात बघून आकृती उचलली जाते आणि ती तीन अक्षरं मागे राहतात. महिन्याभरात आठही हालचाली ‘येतात’, क्रम पाठ होतो, पण अंगाला कुठे ताण लागत नाही. आम्ही उलट्या बाजूने, म्हणजे हेतूपासून, पुन्हा शिकायला घेतलं तेव्हा चुका आपल्या आपण सापडू लागल्या. हाताची उंची किती, कोपर कुठे, नजर कुठे, हे लक्षात ठेवावं लागेना. ताण जिथे यायला हवा तिथे आला की आकृती बरोबर, नाहीतर चुकीची.

बा म्हणजे आठ, दुआन म्हणजे तुकडा, जिन म्हणजे किनखाब. रेशमी, जरीचं, धागा न तुटता विणलेलं कापड. नावातच एक सूचना आहे: आठ तुकडे असले तरी मधे शिवण दिसू नये.

बादुआनजिनसारख्या श्वासाच्या आणि हालचालींच्या चिनी व्यायामांना चीगाँग म्हणतात. हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो १९५० च्या दशकात. हेबेई प्रांतात ल्यू ग्वीचन यांनी श्वासाचे आणि शांत बसण्याचे जुने प्रकार रुग्णांसाठी वापरले, त्यासाठी चिकित्सालयं उभी राहिली आणि हे नाव सगळ्या प्रकारांना चिकटलं. त्याआधी हालचालींच्या व्यायामाला ‘दाव-यिन’ म्हणत. दाव म्हणजे वाट दाखवणं, यिन म्हणजे ओढणं, ताणणं. श्वासाला वाट दाखवायची आणि अंग ताणून मऊ करायचं, असा त्याचा जुना उलगडा आहे. सराव करताना हे दोन शब्द फार उपयोगी पडतात, कारण नवशिका नेहमी यातलं एकच करतो. एक तर नुसता ताणतो, नाहीतर डोळे मिटून नुसता श्वास बघत राहतो.

दाव-यिनचा सर्वांत बोलका पुरावा १९७३ मध्ये हुनान प्रांतातल्या छांगशा शहराजवळ मावांगद्वेईच्या तिसऱ्या थडग्यात सापडला. थडगं इ.स.पू. १६८ मधलं. त्यातल्या रेशमी पटावर ४४ माणसं चार रांगांत रंगवली आहेत. बाया आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत, म्हातारे आहेत, एक जण हातात काठी घेऊन वाकला आहे. आकृत्यांशेजारच्या मथळ्यांपैकी जे वाचता येतात त्यांत काही ठिकाणी प्राण्याचं नाव आहे, जसं अस्वल, करकोचा, माकड, आणि काही ठिकाणी सरळ दुखण्याचं: गुडघेदुखी, बहिरेपणा, मान. म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीही हालचालीला नाव द्यायचे हेच दोन रस्ते होते. ती कशी दिसते, किंवा ती कशासाठी आहे. पुढे दुसऱ्या शतकाच्या अखेरीला हुआ त्वो या वैद्याने वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी अशा पाच प्राण्यांचा संच बांधला. त्यामागे त्याने दिलेलं कारण साधं होतं: शरीराला हालचाल हवी असते, पण अती नको, आणि दाराची फिरती बिजागरी कुजत नाही.

आपल्याकडे हे सगळं बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने भारतातून चीनला नेलं असं आवडीने सांगितलं जातं. ते खरं धरता येत नाही. बोधिधर्माचा काळ परंपरेनुसार पाचवं-सहावं शतक, आणि मावांगद्वेईचा पट त्याच्या सहाशे वर्षं आधीचा. त्याच्या नावावर असलेला यी-जिन-जिंग हा व्यायामाचा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे आणि त्याला जोडलेल्या जुन्या प्रस्तावना बनावट आहेत. पण एक धागा मात्र हाताला लागतो. सातव्या शतकातल्या सुन स्स-म्याव या वैद्याच्या ग्रंथात ‘भारत देशाची मर्दनपद्धत, हीच ब्राह्मणांची रीत’ अशा मथळ्याखाली १८ हालचाली दिल्या आहेत. त्यांत दोन्ही बाजूंना जड धनुष्य ओढणं आहे आणि हात जमिनीला टेकून वाघासारखं मागे पाहणं आहे. बादुआनजिनमधली दुसरी आणि चौथी हालचाल शिकताना या दोन्हींची आठवण ठेवावी.

बादुआनजिन हे नाव बाराव्या शतकात होंग माय या लेखकाच्या नोंदींत भेटतं. १११७ मधला दरबारातला एक अधिकारी मध्यरात्री उठून बसायचा, श्वास घ्यायचा, अंग चोळायचा आणि ‘बादुआनजिन म्हणतात ते’ करायचा, असं त्यात आहे. म्हणजे हा प्रकार बसून करायचा होता. उभ्याने करायच्या आठ हालचाली त्याच शतकातल्या झंग झावच्या संकलनात दिसतात, आणि आजची कविता ठरली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. सेनापती यूए फेईने सैनिकांसाठी हा संच रचला ही कथा लोकप्रिय आहे, पण तिला आधार नाही. २००३ मध्ये चीनच्या क्रीडा प्रशासनाने जे चार संच प्रमाणित केले त्यांत बादुआनजिन आहे. पुढची मोजमापं त्याच संचाची. संगीतावर पूर्ण संच साधारण १२ मिनिटांचा होतो.

आधी उभं राहणं. डावा पाय बाजूला, पावलांत खांद्यांइतकं अंतर, बोटं समोर. हात पोटाच्या उंचीला, मोठी घागर कवटाळल्यासारखे, दोन्ही हातांच्या बोटांत साधारण १० सेंटिमीटर जागा. गुडघे किंचित वाकलेले, माकडहाड खाली सोडलेलं. इथे दोन चुका होतात आणि त्या पुढच्या आठही हालचालींत शिरतात: पावलं बाहेर फाकतात, आणि कोपरं उचलली गेल्यामुळे खांदे कानांकडे चढतात. बगलेत लिंबाएवढी पोकळी राहिली पाहिजे, जास्त नाही. या स्थितीत दोन मिनिटं उभं राहून मांड्या थरथरू लागल्या तर आणखी खाली बसू नका. रोज दोन मिनिटं उभं राहिलं की आठवड्याभरात थरथर कमी होते.

पहिली हालचाल, आभाळ पेलणं. सानजियाव म्हणजे धडाचे तीन भाग: छाती-पोटामधल्या श्वासपटलाच्या वरचा, श्वासपटल ते बेंबी, आणि बेंबीखालचा. तिन्ही एकाच वेळी लांब व्हायला हवेत, एवढंच ती तीन अक्षरं सांगतात. बोटं एकमेकांत गुंफून तळवे छातीपर्यंत आणायचे, तिथे आतून बाहेर उलटवायचे आणि वर ढकलायचे. डोकं मागे जातं, नजर हातांवर. मग कोपरं सरळ करता करता हनुवटी आत घ्यायची, नजर समोर आणायची आणि दोन सेकंद थांबायचं. हनुवटी आत घेणं बहुतेकांच्या हातून सुटतं. मान मागे पडलेली असताना ताण मानेपाशी अडतो. हनुवटी आत आली की तोच ताण कण्यातून खाली माकडहाडापर्यंत जातो. दुसरी चूक म्हणजे पोट पुढे काढून कंबर पोकळ करणं. मग वरचा भाग ताणला जातो आणि खालचे दोन चुरगळतात. भिंतीला पाठ लावून एकदा करून बघा: खालच्या बरगड्या भिंतीपासून सुटल्या तर कंबर चुकते आहे. हात बाजूने सावकाश खाली येतात आणि त्याच वेळी गुडघे वाकतात. हे सहा वेळा.

दुसऱ्या ओळीत गंमत आहे. ‘डावी-उजवीकडे धनुष्य ओढा, जणू गरुड टिपताय.’ सात अक्षरं संपली आणि हेतू आलाच नाही. आठ ओळींत ही एकच अशी आहे. बाराव्या शतकातल्या पाठात मात्र तो आहे: ‘डावीकडे यकृत, उजवीकडे फुप्फुस, जणू गरुड टिपावा.’ पुढे कविता सुबक करताना तो गळला. तो परत धरला की हातांची विचित्र ठेवण समजते. समोरच्या हाताची तर्जनी उभी, अंगठा तिच्यापासून ताणलेला, उरलेली तीन बोटं दोन पेरांत दुमडलेली, तळवा बाहेर. चिनी वैद्यकात फुप्फुसाची नाडी, म्हणजे प्राण वाहण्याची वाट, अंगठ्याशी संपते आणि तिची जोडीदार, मोठ्या आतड्याची नाडी, तर्जनीपासून निघते. म्हणून हीच दोन बोटं ताणायची.

पाय बाजूला टाकून घोड्यावर मांड टाकल्यासारखं बसायचं. दोन्ही पावलांतलं अंतर आपल्याच पावलाच्या लांबीच्या दुप्पट ते तिप्पट. मनगटं छातीसमोर एकावर एक. डावा हात डावीकडे ढकलायचा, उजव्याची बोटं दोरी धरल्यासारखी वाकवून उजव्या छातीपर्यंत ओढायची. जोर दोन्हीकडे सारखा. नवशिक्याचा सगळा जोर ढकलणाऱ्या हातात जातो आणि ओढणारं कोपर खाली लोंबतं. कोपर खांद्याच्या उंचीला ठेवा आणि मागे ओढा. पाठीतली पाती जवळ आली आणि छाती पुढून उघडली की हालचाल साधली. समोरच्या हाताचं मनगट उभं ठेवलं तर तर्जनीच्या टोकापासून दंडापर्यंत एक तार ताणल्यासारखी लागते. मनगट पडलं की ती तार सुटते. मांड टाकून बसताना पावलं बाहेर फाकली किंवा गुडघे आत पडले तर दुसऱ्या दिवशी गुडघ्याची आतली बाजू दुखते. अशा वेळी बैठक उंच करा. धनुष्य छातीत ओढलं जातं, त्यासाठी खोल बसायची गरज नाही. दोन्ही बाजू मिळून एक, असं तीनदा.

तिसरी झटपट सांगता येते. एक तळवा वर, एक कुल्ह्याशेजारी खाली, दोन्ही एकाच वेळी ढकलायचे. वरच्या हाताची बोटं आतल्या बाजूला, खालच्या हाताची पुढे. हेतू प्लीहा आणि जठर, म्हणजे पोटाच्या मधल्या भागाला वर-खाली विरुद्ध ताण. जोर बोटांत नसतो, तळव्याच्या मुळात असतो. खालचा हात विसरला जातो आणि मग ती पहिलीच हालचाल एका हाताने केल्यासारखी होते. ही पण तीनदा.

चौथीवर थांबलं पाहिजे. ‘पाच श्रम, सात इजा: मागे वळून पाहा.’ पाच श्रम कोणते ते चिनी वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथात दिलेलं आहे: फार वेळ पाहण्याने रक्ताला, फार वेळ लोळण्याने प्राणाला, फार वेळ बसण्याने मांसाला, फार वेळ उभं राहण्याने हाडांना आणि फार वेळ चालण्याने स्नायुबंधांना इजा होते. पडद्यासमोर बसून काम करणाऱ्याच्या वाट्याला यातले दोन श्रम रोज येतात. कृती अशी: हात शरीरापासून ४५ अंशांवर खाली ताणलेले, तळवे बाहेर पिळलेले. मग फक्त मान वळवायची आणि नजर तिरकी मागे टाकायची. बेंबी समोरच राहते. धड वळलं की मान वळायचीच थांबते, कारण शरीर नेहमी सोपा रस्ता घेतं. आरशासमोर उभं राहून दोन्ही खांद्यांची टोकं बघा. एक पुढे एक मागे झालं की समजा धड वळलं. हात पिळणं वगळलं तर पाती मोकळीच राहतात आणि मानेला खालून आधार मिळत नाही. मग वळताना मानेत कटकट आवाज येतो. डोळेही वळले पाहिजेत. मान गेली आणि नजर भिंतीवर रेंगाळली तर ‘पाहण्याचा’ श्रम तसाच राहतो. परत येताना गुडघे वाकवून हात पोटासमोर. तीनदा.

पाचवी सर्वांत कठीण, आणि ती शेवटी शिकावी असं आमचं ठाम मत आहे. ‘डोकं झुलवा, शेपूट हलवा, हृदयाची आग घालवा.’ बाराव्या शतकातल्या पाठात इथे मासा आहे: वामीची शेपटी हलवावी तसं. ही उपमा आजच्या ओळीपेक्षा नेमकी आहे, कारण वाम हलते तेव्हा लाट डोक्यापासून शेपटीपर्यंत जाते, मधे सांधा दिसत नाही. हृदयाची आग म्हणजे तोंड येणं, झोप न लागणं, चिडचिड, अशी लक्षणं चिनी वैद्यक सांगतं. त्यावर उपाय मूत्रपिंडाचं पाणी, म्हणजे लक्ष आणि जोर खाली कंबरेत नेणं.

सर्वांत रुंद मांड. हात मांड्यांवर, गुडघ्यांच्या जरा वर, करंगळीची कड पुढे. धड उजवीकडे कलतं, वाकतं, नजर उजव्या पावलावर. वाकलेलं धड तसंच उजवीकडून डावीकडे फिरतं. मग वजन मधे येतं, डोकं मागून गोल फिरून वर येतं आणि माकडहाड त्याच्या उलट दिशेने पुढे गोल घेतं. शेवटी हनुवटी आत. दोन्हीकडे मिळून तीनदा. बिघडतं ते असं: डोकं एकटंच फिरतं आणि कंबर दगडासारखी राहते. मग चक्कर येते. आधी चार दिवस डोकं स्थिर ठेवून फक्त माकडहाडाने गोल काढा, नाणं ताटावर ठेवून फिरवल्यासारखा छोटा. तो सापडला की डोकं जोडा. हातांवर भार टाकायचा नाही. हात मांडीवर फक्त ठेवलेले असतात. रक्तदाब, चक्कर किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास असेल त्याने खाली वाकूच नये, धड सरळ ठेवून दोन्ही बाजूंना कलणं पुरे.

सहावी बघून सगळ्यांना शाळेतला अंगठे धरण्याचा व्यायाम आठवतो, आणि तिथेच ती चुकते. हेतू मूत्रपिंड आणि कंबर बळकट करणं, अंगठ्याला हात लावणं नव्हे. तळवे बगलेखालून पाठीवर न्यायचे, कण्याच्या दोन्ही बाजूंनी दाबत खाली, नितंब, मांडीची मागची बाजू, पोटऱ्या, घोट्याच्या बाहेरून पावलावर. चोळणं हाच मुख्य भाग आहे. ही मूत्राशयाच्या नाडीची वाट. तळवे कपड्यावरून नुसते घसरले तर काही होत नाही, कातडी हलली पाहिजे. गुडघे सरळ, पण हात जिथपर्यंत पोचतात तिथपर्यंतच. पोटरीवर थांबले तरी चालेल. डोकं खाली लोंबू द्यायचं नाही. उठताना हात आधी पुढे निघतात आणि वर जातात, धड त्यांच्यामागून येतं. कंबर आधी उचलली तर सगळं ओझं तिच्यावर पडतं. सरकलेल्या चकतीचा त्रास असेल तर गुडघ्यापर्यंतच जा आणि मांड्यांवर हात ठेवून उठा. सहा वेळा.

सातवी, मुठी वळून डोळे वटारणं. अंगठा आत, अनामिकेच्या मुळाशी, त्यावर बाकीची बोटं: तान्ह्या मुलाची मूठ असते तशी. यकृताचं दार डोळ्यांत आणि यकृताची सत्ता स्नायुबंधांवर, असा हिशेब. मूठ खांद्याच्या उंचीला सावकाश पुढे जाते, डोळे तिच्यावर रोखलेले. मग पंजा उघडायचा, अंगठा खाली येईपर्यंत आत पिळायचा, मनगट गोल फिरवून पुन्हा मूठ वळून कंबरेशी. लाजून डोळे अर्धवट उघडले जातात. घरात एकट्याने केलं की ही अडचण राहत नाही. तीनदा.

आठवीत टाचा सात वेळा उचलायच्या. ‘सगळे रोग जातील’ ही तीन अक्षरं कवितेची अतिशयोक्ती आहे, ती औषध म्हणून घेऊ नये. टाळूने वर जायचं, क्षणभर थांबायचं, अर्धं अंतर सावकाश उतरायचं आणि उरलेलं अर्धं सोडून द्यायचं, दात हलके मिटून. टाच धाडकन आपटली तर हादरा डोक्यात जातो. पूर्ण सावकाश उतरवली तर हादराच नाही. हाडं ठिसूळ असतील तर सावकाशच उतरा.

श्वासाची घाई करू नका. पहिला महिना जसा येईल तसा. हालचाली हातात बसल्या की अंग वर जाताना किंवा उघडताना घ्यायचा, खाली येताना सोडायचा, टोकाला क्षणभर थांबलेला. सुरुवातीपासून श्वास मोजला तर छाती आवळते आणि पहिल्या हालचालीतच खांदे वर येतात. आठवड्याला दोन हालचाली घ्या आणि पाचवीला शेवटचा आठवडा ठेवा. जेवणानंतर तास-दीड तास जाऊ द्या, पंख्याच्या थेट झोतात उभं राहू नका. दोन मीटर लांब-रुंद जागा पुरते.

एखाद्या दिवशी वेळ नसेल तर दोन हालचाली गाळा, पण शेवट गाळू नका. हात बाजूंनी उचलून पोटावर एकावर एक ठेवायचे, बेंबीच्या खाली. पुरुषांचा डावा हात आत, बायकांचा उजवा. गुडघे सैल. टाचांचा हादरा अजून पोटऱ्यांत असतो, तो उतरेपर्यंत तसंच उभं राहायचं. साधारण पाच-सहा श्वास लागतात. मग हात खाली सोडून डावं पाऊल जवळ.